केडीआर तपासणी: एलिल-विशिष्ट पीसीआर की सँगर सिक्वेन्सिंग?

डेंगी पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासांत पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकांना प्रतिकार देणारे जनुकीय बदल, म्हणजे केडीआर (नॉकडाउन रेझिस्टन्स), तपासायचे, तर पहिला प्रश्न पद्धतीचा येतो: जनुकाचे ठरावीक रूप (एलिल) असेल तरच त्याच्या प्रती काढणारी पीसीआर, की डीएनएची अक्षरे क्रमाने वाचणारे सँगर सिक्वेन्सिंग? पुण्यात हडपसर आणि सिंहगड रस्ता परिसरातील पिंपे, जुने टायर आणि कुंड्यांखालच्या ताटल्या यांतून जमवलेल्या अळ्यांचे डास होऊ देऊन मी ते आधी पीसीआरने आणि पुढे सिक्वेन्सिंगने तपासले. माझे मत तेवढ्याच अनुभवावर आधारलेले आहे.

पीसीआरची सोय मोठी आहे. सकाळी डीएनए काढला की संध्याकाळी जेलवर (त्यात डीएनएचे तुकडे आकारानुसार पट्ट्यांत वेगळे होतात) उत्तर मिळते, खर्चही कमी येतो. सिक्वेन्सिंगसाठी मला नमुने बाहेर पाठवून वाट पाहावी लागे.

तरीही माझा निर्णय एका पुसट पट्टीमुळे झाला. विषमयुग्मी, म्हणजे दोन वेगवेगळे एलिल असलेल्या, डासात दोन्ही एलिलच्या पट्ट्या दिसायला हव्यात. पण दुसरी पट्टी कित्येकदा इतकी फिकट उमटे, की ती खरी आहे की प्रायमर (प्रत काढण्याची सुरुवात करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) न जुळणाऱ्या एलिलवर थोडासा चिकटल्यामुळे आली आहे, हे अतिनील प्रकाशात कितीही न्याहाळले तरी ठरत नसे. ॲनीलिंगचे, म्हणजे प्रायमर चिकटण्याच्या टप्प्याचे, तापमान वाढवून पाहिले, तर संशयास्पद पट्टीबरोबर खरीही नाहीशी होई. एकच जेल मी आणि माझा सहकारी वेगवेगळे वाचत होतो, आणि त्या वाचनावर एलिलचे प्रमाण काढणे मला पटेना. सिक्वेन्सिंगच्या आलेखात त्याच जागी दोन शिखरे एकावर एक स्पष्ट दिसली, की वाद मिटतो.

शिवाय पीसीआर विचारले तेवढेच सांगते. पायरेथ्रॉइड ज्या प्रथिनावर काम करतात, त्या सोडियम वाहिनीच्या जनुकात १५३४ व्या स्थानी फेनिलॲलॅनिन या अमिनो आम्लाऐवजी सिस्टीन आले आहे का, हे आपण पाहतो; भारतात मात्र त्याच जागी ल्युसीनही आढळले आहे, आणि जवळच १५२० व्या स्थानी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसीन. हा तुकडा वाचला की तिन्ही बदल एकदमच कळतात. प्रतिकाराशी जोडलेल्या ९८९ आणि १०१६ या स्थानांसाठी वेगळा तुकडा घ्यावा लागतो, हे मान्य.

कीटकनाशकाचे विघटन करून प्रतिकार देणाऱ्या सायटोक्रोम पी४५० विकरांचे वाढलेले प्रमाण मात्र यांपैकी कोणत्याही पद्धतीत दिसत नाही. त्याचा अंदाज घेण्यासाठी ही विकरे रोखणारे पायपेरोनील ब्युटॉक्साइड देऊन जिवंत डासांवर कीटकनाशकाची चाचणी घेता येते.

नमुने शेकड्यांनी असतील, तर पीसीआर टाळता येणार नाही. तरीही मला विचाराल तर प्रत्येक वस्तीतले निदान तीस डास आधी सिक्वेन्स करावेत, आणि तेथे खरोखर सापडलेल्या बदलांपुरतीच पीसीआर लावावी.