३८ हजारांचा लॅपटॉप, दहा महिने रोज वापरल्यानंतर

गेल्या अक्षय्य तृतीयेला घेतलेला लॅपटॉप दहा महिने रोज वापरतेय. मी नाशिकच्या सिडकोत राहते आणि घरूनच हिशेबाची कामं करते. अंबड-सातपूरच्या छोट्या वर्कशॉपवाल्यांच्या टॅली सॉफ्टवेअरमधल्या नोंदी, जीएसटीची विवरणपत्रं, शिवाय दिंडोरी-निफाडकडच्या काही द्राक्ष बागायतदारांचे औषधं-मजुरीचे हिशेब. विवरणपत्रांच्या मुदतीआधी, म्हणजे महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आधी, लॅपटॉप सकाळी उघडतो तो रात्रीच मिटतो. संध्याकाळी मुलगा त्यावर अभ्यासाचे व्हिडिओ बघतो. ओळखीतले लोक सारखे विचारतात, "कमी बजेटमध्ये कोणता घ्यावा?" म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितेय.

माझा लॅपटॉप असा आहे: इंटेल कोर आय३-१२१५यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम (चालू कामं हाताशी ठेवणारी मेमरी), ५१२ जीबी एसएसडी (फाइली साठवायची डिस्क), १५.६ इंची फुल एचडी स्क्रीन, विंडोज ११. जीएसटी धरून ३८ हजारांच्या किंचित आत पडला. कंपनीचं नाव देत नाही. मी घेतला तेव्हा या किमतीत चार-पाच कंपन्यांचे जवळजवळ सारखेच लॅपटॉप मिळत होते, आणि एकाच नावाच्या मॉडेलमध्ये आतला माल दोन-तीन प्रकारचा निघतो. नाव सांगितलं की माणसं तेवढंच लक्षात ठेवून दुकानात जातात.

माझं मत आधीच सांगते. बजेट कमी असेल तर पैसे अशा गोष्टींवर घालावेत ज्या नंतर बदलता येत नाहीत: स्क्रीन, कीबोर्ड, बिजागरी, पोर्ट आणि रॅमची जागा. रॅम आणि एसएसडी जागा असेल तर मागाहून वाढवता येतात. प्रोसेसरवर मात्र लोक गरजेपेक्षा जास्त अडकतात, आणि अडकतात तेही स्टिकरवरच्या नावात.

एम. जी. रोड, कॅनडा कॉर्नर, कॉलेज रोड अशी दुकानं फिरले तेव्हा एकच वाक्य वेगवेगळ्या काउंटरवर ऐकलं, "ताई, हा आय फाइव्ह आहे, आय थ्रीच्या वरचा." कोणत्या पिढीचा, असं विचारलं की बोलणं थोडं थांबायचं. आय५-७२००यू हा २०१६ चा, सातव्या पिढीचा प्रोसेसर, त्यात दोन कोर, म्हणजे काम करणारे दोन भाग. माझ्या बाराव्या पिढीच्या आय३-१२१५यू मध्ये सहा कोर आहेत, दोन वेगवान आणि चार कमी वीज खाणारे. म्हणजे आय३ असूनही तो त्या जुन्या आय५ च्या कितीतरी पुढे आहे. इंटेलची स्पर्धक असलेल्या एएमडीच्या प्रोसेसरांच्या नावांमध्ये तर आणखी सांभाळून वाचावं लागतं. रायझेन ५ ७५२०यू आणि रायझेन ५ ७५३०यू यांच्यात फक्त एका आकड्याचा फरक दिसतो. पहिल्यात जुन्या झेन २ घडणीचे चार कोर, दुसऱ्यात झेन ३ चे सहा. आकडा ७ ने सुरू झाला की दोन्ही सारखेच नवे वाटतात, पण घडण कोणती ते तिसरा आकडा सांगतो. इंटेलनेही २०२४ पासून नावं बदलली. 'कोर ३ १००यू' हे नाव नवं वाटलं तरी कोरची मांडणी माझ्या आय३ सारखीच आहे, दोन अधिक चार.

हिशेब, ब्राउझर, व्हिडिओ, थोडंफार कोडिंग शिकणं एवढ्यासाठी बाराव्या पिढीचा किंवा त्यापुढचा आय३ अथवा ७५३०यू सारखा रायझेन पुरून उरतो. दहा महिन्यांत प्रोसेसर कमी पडतोय असं मला एकदाही वाटलं नाही. अगदी स्वस्त लॅपटॉपांत असणारे इंटेलचे दोन कोरचे सेलेरॉन प्रोसेसर मात्र कामाच्या माणसाने घेऊ नयेत. इंटेलचाच एन१०० बरा आहे, पण त्यात चारही कोर कमी विजेवाले. मुलांच्या अभ्यासाला ठीक, टॅली आणि वीस टॅब एकदम उघडून बसणाऱ्याला नाही.

आता रॅम. माझा खरा अनुभव इथे आहे. ८ जीबीपैकी जवळपास निम्मी विंडोज सुरू होतानाच खाते. त्यावर टॅली, दोन-तीन एक्सेल, ब्राउझरमध्ये जीएसटी पोर्टल, ई-वे बिल, बँक आणि मेल. पहिले दोन-तीन महिने हे चाललं, पण ओढाताण होत होती. दुसऱ्या टॅबवर जाऊन परत यावं तर पान नव्याने लोड व्हायला लागायचं आणि अर्धवट भरलेली माहिती गेलेली असायची. विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी पोर्टल आधीच संथ असतं, त्यात हे.

पावसाळ्यात रॅम वाढवली. वॉरंटीत अडचण नको म्हणून आधी कंपनीला मेल केला आणि त्यांच्याच अधिकृत सेवा केंद्रात गेले. तिथल्या दादांनी समोर बसवून काम केलं, ते बघण्यासारखं होतं. लॅपटॉप उलटा ठेवला, स्क्रू काढले आणि एका कागदावर ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी मांडत गेले, कारण बिजागरीकडचे दोन इतरांपेक्षा लांब असतात. ते चुकून पुढच्या बाजूला लावले तर कीबोर्डखालचा भाग फुगतो. मग प्लॅस्टिकची पातळ पट्टी कडेने फिरवत टक् टक् करत मागचं झाकण सोडवलं. सगळ्यात आधी बॅटरीची पिन काढली. ८ जीबी रॅमच्या चिप बोर्डावरच पक्क्या बसवलेल्या होत्या आणि बाजूला एक स्लॉट रिकामा. नवी पट्टी तिरकी घातली, वरून दाबली, दोन्ही बाजूंच्या क्लिपा खट्कन बसल्या. पंख्याच्या जाळीवर तेवढ्या महिन्यांत करडा कापूस जमला होता, तोही त्यांनी ब्रशने काढला.

त्या दिवसापासून लॅपटॉप वेगळाच वाटतो. टॅब परत लोड होणं थांबलं. शिवाय बोर्डावरची रॅम आणि ही पट्टी मिळून आता दुहेरी वाटेने चालतात. या लॅपटॉपांत ग्राफिक्सला वेगळी मेमरी नसते, ती याच रॅममधून घेतली जाते, म्हणून व्हिडिओ आणि बाहेरचा मॉनिटर लावल्यावरही फरक जाणवला.

म्हणून दुकानात विचारायचा पहिला प्रश्न हा: रॅमचा स्लॉट रिकामा आहे का? पातळ, हलक्या लॅपटॉपांत बऱ्याचदा सगळी रॅम बोर्डावरच असते. आधी म्हटलेला ७५२०यू आणि त्याचा धाकटा भाऊ ७३२०यू हे तर एलपीडीडीआर५ रॅमवरच चालतात, आणि ती बोर्डाला जोडलेलीच येते. ८ जीबीवाला घेतला की तो कायम ८ जीबीचाच. विक्रेत्याला हे माहीत नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या माहितीत 'सोल्डर्ड' किंवा 'ऑनबोर्ड' असा शब्द शोधावा.

एसएसडीबद्दल थोडक्यात. ५१२ जीबी घेतल्यावर विंडोजमध्ये ४७६ दिसतात आणि माझ्या एका क्लायंटने त्यावरून दुकानदाराशी भांडण काढलं होतं. त्यात फसवणूक नसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. साटा या जुन्या जोडणीची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, एनव्हीएमई या नव्या जोडणीची, तिसऱ्या पिढीची, ३५०० च्या आसपास. माझ्या कामात या दोघींतला फरक फारसा जाणवत नाही. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवरून एसएसडीवर आल्यावर मात्र माणूस परत मागे जात नाही. ईएमएमसी असं लिहिलेलं स्टोरेज टाळावं, ते संथ असतं आणि बोर्डावर पक्कं असतं. एसएसडी बिघडते तेव्हा अनेकदा आधी काही कुरकुर करत नाही, म्हणून टॅलीचा बॅकअप मी रोज संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर घेते.

स्क्रीनसाठी मी दोन हजार जास्त मोजले आणि ते सगळ्यात सार्थकी लागले. एकाच नावाच्या दोन लॅपटॉपांपैकी एकाला टीएन पॅनेल होतं, दुसऱ्याला आयपीएस. दुकानात समोरून पाहिले तर दोन्ही सारखे. मी एक्सेल उघडायला लावलं, एक रांग फिकट पिवळी, तिच्याखालची फिकट हिरवी रंगवली आणि खुर्चीत थोडी सरळ होऊन वरून पाहिलं. टीएनवर दोन्ही रांगा पांढऱ्या दिसल्या. मी दिवसभर असेच रंग देऊन न जुळलेल्या नोंदी वेगळ्या करते. त्या दिसल्याच नाहीत तर काम कसं करायचं? आयपीएसवर कुठूनही पाहिलं तरी रंग होते तसेच. माहितीपत्रकात 'फुल एचडी, अँटी-ग्लेअर' एवढंच लिहिलं असेल आणि आयपीएसचा उल्लेख नसेल तर ही परीक्षा करूनच घ्यावा. उजेड २५० निट्सचा आहे, या किमतीत बहुतेकांचा तेवढाच असतो. खोलीत भरपूर, गॅलरीत दुपारी बसून काम होत नाही.

कीबोर्डकडे तर कोणी बघतच नाही. हिशेबाचं काम असेल तर उजवीकडे आकड्यांची पट्टी हवीच. १४ इंचीत ती सहसा नसते, १५.६ इंचीतही सगळ्यांत नसते. टॅलीत एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस. नव्या लॅपटॉपवर एफ५ दाबलं की भलतंच काहीतरी व्हायचं, कारण त्या बटणांचं पहिलं काम आवाज आणि उजेड कमी-जास्त करण्याचं ठेवलेलं असतं. बायोसमधून, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमधून, ते उलटं करून घेतलं. काही कंपन्यांत फंक्शन आणि एस्केप एकदम दाबलं तरी होतं.

मराठी टायपिंग करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. मी इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची प्रमाण कीबोर्ड मांडणी वापरते. त्यात ॉ आणि ऑ एंटरच्या वरच्या बॅकस्लॅशच्या बटणावर असतात. ऑडिट, ऑफिस, कॉलनी, डॉक्टर, दिवसभरात हे शब्द किती वेळा येतात! काही लॅपटॉपांत ते बटण निम्म्या रुंदीचं करून कोपऱ्यात कोंबलेलं असतं आणि दर वेळी बोट एंटरवर पडतं. माझ्याकडे ते पूर्ण रुंदीचं आहे, हे मी दुकानातच दोन ओळी लिहून पाहिलं होतं. इनस्क्रिप्ट येत नसेल तर विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्डही आहे, वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही.

पोर्टांमध्ये माझी एक तक्रार आहे. डिजिटल सहीचा टोकन आणि प्रिंटर लावायला साधे यूएसबी आहेत, ते उत्तम. पण टाइप-सी पोर्ट फक्त फाइली नेण्या-आणण्यापुरता, त्यावरून लॅपटॉप चार्ज होत नाही. खोक्यावर नुसतं 'टाइप-सी' लिहिलं होतं. मला आता क्लायंटकडे जाताना गोल पिनचा चार्जर वेगळा न्यावा लागतो. कॅमेराही सुमार आहे, मिटिंगमध्ये चेहरा धुरकट दिसतो.

बॅटरी ४१ वॉट-अवरची. माझ्या कामाला साधारण ७-८ वॉट लागतात, म्हणजे पाच तासांच्या आसपास निघते, आणि प्रत्यक्षातही तेवढीच मिळते. 'दहा तास' असं जाहिरातीत लिहिलेलं असतं तेव्हा वॉट-अवरचा आकडा शोधून हा भागाकार करून पाहावा. मे महिन्यात वळवाच्या पावसाने दुपारी लाइट गेली की राउटर छोट्या यूपीएसवर आणि लॅपटॉप बॅटरीवर, असं माझं काम अडलं नाही. लॅपटॉप कायम चार्जरवर असतो, म्हणून कंपनीच्याच ॲपमधून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवलंय. पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता आणि आताची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. माझी सहा-सात टक्क्यांनी उतरलीय.

उन्हाळ्यात नाशिकचा पारा चाळिशी गाठतो तेव्हा पंखा ऐकू येतो. हवा आत घ्यायची जाळी खालच्या बाजूला असल्यामुळे लॅपटॉप गादीवर ठेवला की लगेच तापतो आणि प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. मुलाला ते ठरवून सांगितलंय, अभ्यास टेबलावरच. दोन जाड पट्ट्यांवर मागची कड उचलून ठेवली तरी बराच फरक पडतो.

रिफर्बिश्ड, म्हणजे आधी वापरलेला आणि तपासून-दुरुस्त करून परत विकलेला, घ्यावा का, हेही विचारतात. ऑफिसातून निघालेले चांगल्या दर्जाचे लॅपटॉप मजबूत असतात, कीबोर्ड तर नव्या बजेटवाल्यांपेक्षा सरस. पण विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालते. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे आय५, आय७ आता स्वस्तात पुढे केले जातात. बँकेची आणि कराची कामं ज्यावर करायची तो असा नको.

आज घेणाऱ्यासाठी एक गोष्ट माझ्या वेळेपेक्षा बदललीय. २०२५ च्या अखेरीपासून रॅम भडकली. मी जी ८ जीबीची पट्टी दोन हजारांच्या आत बसवली, तिची किंमत पुढे दुपटीच्या वर गेली. त्यामुळे '८ घ्या, मग वाढवा' हा हिशेब आता दुकानातच मांडावा. १६ जीबीवाला आणि ८ जीबीवाला यांच्यातला फरक सुट्या पट्टीच्या किमतीएवढा किंवा कमी असेल तर सरळ १६ घ्यावा. फरक फार असेल तर ८ घेऊन स्लॉट रिकामा ठेवावा, भाव उतरले की भरता येईल.

आणि पैसे देण्याआधी खोक्यावरच्या स्टिकरचा मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावा. टीएन की आयपीएस, कोणती रॅम, कोणता प्रोसेसर, हे त्या शेवटच्या दोन-तीन अक्षरांवर ठरतं. तोच पूर्ण नंबर आणि सिरियल नंबर बिलावर लिहून घ्यावा. माझ्या बिलावर दुकानदाराने आधी फक्त कंपनीचं नाव आणि 'आय३ लॅपटॉप' एवढंच लिहिलं होतं. मी ते बदलून घेतलं, आणि सेवा केंद्रात रॅम बसवताना त्यांनी पहिल्यांदा तेच बिल मागितलं.