साताऱ्यातले डिसॅबिलिटी पेन्शनवाले सुभेदार साहेब: काम एक नंबर, फोन उचलतील तर शपथ

फौजींची डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली गेली की हे साहेब फाईल वाचून अर्ज-अपील करून देतात. नाव टाकत नाहीये, साहेबांनीच सांगितलंय की नाव टाकू नको, आधीच जिन्यावर लाईन असते. पोवई नाक्याच्या आसपास कुठल्याही फौजी माणसाला "ते फाईल बघणारे सुभेदार" एवढं विचारा, घरापर्यंत सोडून येईल. आमचं काम होऊन आता बरेच दिवस झाले तरी लिहितेय, कारण गावात अजून दोन-तीन घरांत तसलंच रिजेक्शनचं पत्र पडून आहे हे मला माहितीय आणि कुणी हलत नाही.

आमची केस आधी सांगते. आबा, म्हणजे माझे वडील, २४ वर्षं सर्व्हिस करून २०११ ला हवालदार म्हणून घरी आले, तेव्हाच बीपीची गोळी चालू होती. रिलीज मेडिकल बोर्डानं, म्हणजे फौज सोडताना तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी, बीपीमुळं अपंगत्व ३० टक्के, आजन्म, असं लिहिलं आणि पुढं शेरा मारला नाना. हा नाना म्हणजे कुणाचा चुलता नाही, फौजेत त्याचा अर्थ नायदर अ‍ॅट्रिब्युटेबल नॉर अ‍ॅग्रॅव्हेटेड, म्हणजे आजार नोकरीमुळं झालाही नाही आणि नोकरीमुळं वाढलाही नाही. डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे नेहमीच्या पेन्शनवर मिळणारी जादा रक्कम, मिळायला किमान २० टक्के लागतात आणि नोकरीशी संबंध लागतो, आबांचे टक्के भरत होते पण त्या एका शब्दानं संबंधच तोडला. २०१२ ला पत्र आलं, क्लेम रिजेक्ट, सहा महिन्यांत अपील करता येईल. आबांनी वाचलं, "सरकार नाही म्हणतंय म्हणजे नाही" म्हणाले आणि पत्र ट्रंकेत, युनिफॉर्मच्या खाली. नेहमीची पेन्शन चालूच होती त्यामुळं घरात कुणाला घाईही नव्हती. आठ वर्षं ते तिथंच.

मधे एक एजंट भेटला होता तोही सांगते. आधी १२ हजार घेतले, निकालानंतर मिळणाऱ्या रकमेचे २० टक्के वेगळे म्हणाला, आणि त्यानं करून दिलेल्या अर्जात आबांना डायबेटीस झालेला! दुसऱ्या कुणाचा तरी अर्ज, नुसतं नाव आणि आर्मी नंबर बदललेला. नशीब सही करायच्या आधी मी वाचला. आणि हे लक्षात ठेवा, वकिलाला निकालाच्या पैशात टक्केवारी ठरवून घेता येत नाही, बार कौन्सिलचा नियम आहे, त्यामुळं कुणी टक्क्यांची भाषा केली की चप्पल घालून निघायचं.

मग २०२० च्या दिवाळीनंतर सुभेदार साहेबांकडं गेलो. साहेब फौजेत क्लार्क होते, उभी सर्व्हिस असल्याच फायलींत गेलेली. पहिला अर्धा तास माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, डिस्चार्ज बुक उलटंपालटं करत बसले. मग आबांना म्हणाले (हवालदाराला फौजी बोलण्यात मेजरच म्हणतात), "मेजर, बीपी कधी सापडला?"

"जानेवारी २००३, साब. अ‍ॅन्युअल मेडिकलला."

"त्याआधी कुठं होता?"

"राजस्थान बॉर्डर. पराक्रमला."

ऑपरेशन पराक्रम म्हणजे डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाल्यावर सगळी फौज बॉर्डरवर गेली ते, ऑक्टोबर २००२ पर्यंत चाललं. मी तेव्हा तिसरीत, मला एवढंच आठवतं की त्या वर्षी आबा गणपतीला आले नव्हते. साहेब म्हणाले, "वर्षभर वाळूत, सुट्टी नाही, झोप नाही, परत येऊन दोन महिन्यांत बीपी सापडला, आणि बोर्ड काय लिहिणार, पीस स्टेशनला, म्हणजे बॉर्डरपासून लांब शांत ठिकाणी, सुरू झाला. कागद मागवा, मग बोलू." आबा काहीच बोलले नाहीत पण जिना उतरताना जरा ताठ उतरले असं मला वाटलं, किंवा गुडघा दुखत असेल.

कागद म्हणजे मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रोसिडिंग. ती आमच्याकडं नव्हतीच, बहुतेकांकडं नसते. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून आरटीआय टाकला. आल्यावर कळलं की बोर्डानं कारणाच्या जागी एक ओळ लिहिलीय, बास. इथं साहेबांची खरी किंमत कळली मला, त्यांनी सांगितलं की धरमवीर सिंग म्हणून सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा निकाल आहे, भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर नंतर झालेला आजार नोकरीमुळं झाला असंच धरायचं, नाही म्हणायचं असेल तर बोर्डानं कारणं द्यायची, ते सिद्ध करायचं ओझं जवानावर नाही. आणि दुसरा राम अवतारचा डिसेंबर २०१४ चा, त्यामुळं सर्व्हिस पूर्ण करून आलेल्यालाही राउंड ऑफ मिळतं, म्हणजे ३० टक्क्यांचे ५० धरले जातात. १०० टक्क्याला शेवटच्या पगाराचे ३० टक्के असा हिशोब असतो म्हणून ५० ला पंधरा. समजा पगार ४० हजार धरला तर महिन्याला ६ हजार आणि वर महागाई. आमच्यासारख्या घरात ही काही लहान गोष्ट नाही.

पुढं पहिलं अपील, ते फेटाळलं. दुसरं अपील, त्याला सहा महिने झाले तरी उत्तरच नाही. मला वाटलं संपलं, साहेब म्हणाले उत्तर नाही आलं तरी ट्रिब्युनलला, म्हणजे फौजींच्या वेगळ्या कोर्टाला, जाता येतं, आपण शिडीच्या सगळ्या पायऱ्या चढलोय हे दाखवायचं असतं, डायरेक्ट वर उडी मारली की केस परत पाठवतात. साहेब स्वतः वकील नाहीत हे ते पहिल्याच दिवशी सांगतात, मुंबईच्या आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमधे उभं राहणाऱ्या एका वकीलबाईंकडं त्यांनी पाठवलं, त्यांची फी वेगळी, पण आधी ठरवून आणि पावतीसकट. ऑगस्ट २०२२ ला केस दाखल, जानेवारी २०२४ ला निकाल आमच्या बाजूनं.

आता कडू भाग. थकबाकी मिळाली ती केस दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच, म्हणजे ऑगस्ट २०१९ पासून. पेन्शनच्या बाबतीत उशीर झाला म्हणून कोर्ट सहसा हाकलून देत नाही पण आमच्या वेळी मागचे पैसे तीनच वर्षांचे दिले. ट्रंकेतल्या पहिल्या सात वर्षांचा एक रुपया नाही. साहेबांनी हे पहिल्या भेटीतच कागदावर आकडा काढून दाखवलं होतं, गोड बोलून सगळं मिळवून देतो म्हणाले नाहीत, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला खरं तर. आणि निकाल लागला म्हणजे पैसे आले असंही नाही, सुधारित पीपीओ, म्हणजे पेन्शन द्यायची ऑर्डर, यायला परत अर्ज, परत स्मरणपत्र, नोव्हेंबर उजाडला. स्पर्श या फौजी पेन्शनच्या वेबसाईटवर रक्कम दिसली त्या दिवशी आबांनी मला तीनदा लॉगिन करायला लावलं.

साहेबांची फी फाईल वाचायचे १५०० आणि प्रत्येक अर्जाचे वेगळे, सगळं मिळून त्या एजंटच्या निम्मेसुद्धा झाले नाहीत. वीरपत्नींकडून काहीच घेत नाहीत हे मी समोर बसून बघितलंय. अर्ज स्वतः टाईप करतात, दोन बोटांनी, आणि मधे बोललेलं चालत नाही.

तक्रारी आहेत. फोन उचलत नाहीत, मेसेजला उत्तर म्हणजे नुसता अंगठा. वेळ दहाची दिली की साडेअकरा धरा, फौजी माणसाकडून ही अपेक्षा नव्हती. बायकांशी सरळ बोलत नाहीत, सगळी धावपळ मी केली तरी शेवटपर्यंत "मेजर, पोरीला सांगा" असंच. चौथ्या-पाचव्या भेटीत मी म्हटलं साहेब पोरगी इथंच बसलीय, तर हसले आणि परत आबांकडंच बघून बोलले. सुनावणीच्या तारखाही आपणच लक्षात ठेवायच्या, ते कळवतील या भरवशावर राहू नका, आमची एक तारीख अशीच चुकता चुकता राहिली.

ज्यांना मुंबईचा वकील परवडत नाही त्यांनी आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मोफत कायदेशीर मदतीचं विचारा, नाल्साची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) वीर परिवार सहायता योजना २०२५ ला सुरू झालीय, ती याच्यासाठीच आहे.

माझ्याकडून पाचपैकी चार. अर्धा फोनसाठी कापला, अर्धा "पोरीला सांगा" साठी. जाताना डिस्चार्ज बुक, रिजेक्शनचं पत्र आणि पीपीओ, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन जा, ओरिजिनल ते हातात घेत नाहीत आणि खालचं झेरॉक्सचं दुकान दुपारी बंद असतं. गाडी नाक्यावरच लावा, वर जागा नाही.