स्पिरिटवाला चामड्याचा रंग, गडद तपकिरी: रंग झकास, पुसण्यात कंजुषी नको

रविवार पेठेत मिळणारा हा सुटा रंग झाडपाल्यावर कमावलेल्या कातड्यासाठीच घ्या. कोल्हापुरी चपलेचं, बाभळीच्या सालीवर नि हिरड्यावर कमावलेलं कातडं तो मस्त पितो. फिनिश चढवलेल्या क्रोम चामड्यावर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांवर कमावलेल्या, नुसता तरंगतो. आधी पाण्याचा थेंब टाकून बघा: जिरून डाग गडद झाला, तर काम होईल.

बाटलीतला रंग थेट लावला की पट्टे उठतात, कारण स्पिरिट हात फिरायच्या आत उडतं. निम्मा रंग, निम्मं स्पिरिट. बनियनच्या बोळ्याने गोल फिरवत 2 पातळ हात. रात्रभर वाळवा, पावसाळ्यात दोन दिवस. मग कोरड्या फडक्याने घासा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. इथे आळस केला की पांढरा सदरा गेलाच.

अस्तर रंगानंतरच. 0.6 ते 0.8 मिमीचं बकऱ्याचं कातडं घ्या, सोल्युशन (चामडं चिकटवायचा रबरी डिंक) दोन्हीकडे लावून बोटाला चिकटेनासं झालं की जोडा. पाकिटाचं अस्तर घडी वाकवूनच चिकटवा, नाहीतर मिटताना आत सुरकुत्या पडतात. कडा 400 नंबरच्या पॉलिश पेपरने.

सोबत मिळणारा चकाकीचा लेप मात्र भिकार. जाड लागला की घडीवर तडकतो. त्यापेक्षा मेण बरं.