धरमपेठ की सिव्हिल लाइन्स? वावर सांभाळून नागपुरात जागा पाहणाऱ्यांसाठी

आमच्या कारंजा-कोंढाळी पट्ट्यात, म्हणजे नागपूर-अमरावती रोडवर, संत्र्याचे दोन पैसे हातात आले की माणूस पहिले नागपुरात जागा पाहतो, पोरांचं शिक्षण, म्हाताऱ्यांचा दवाखाना अन् थोडं सोयऱ्यांना सांगायला पण. मी पण चार महिने तेच केलं, एसटीनं जायचं अन् दलालाच्या स्कूटरवर मागं बसून गल्ल्या पाहायच्या. झाडंबिडं असलेला, शांत, 'चांगल्या लोकांचा' एरिया पाहिजे म्हटलं की दोनच नावं निघतात, सिव्हिल लाइन्स अन् धरमपेठ. रामदासपेठ-धंतोलीचं पण नाव घेतात पण तिथं दवाखानेच इतके झाले की गाडी लावायला जागा नाही, म्हणून ते सोडूनच देतो.

सिव्हिल लाइन्स काहून अशी मोकळी आहे ते समजायचं तं सीताबर्डीची (आपली बर्डी) टेकडी डोक्यात ठेवा. १८१७ मध्ये तिथंच भोसल्यांची अन् इंग्रजांची लढाई झाली, १८५४ मध्ये गादीला वारस नाही म्हणून राज्यच खालसा केलं, अन् १८६१ मध्ये मध्य प्रांत करून नागपूरला राजधानी बसवली. जुनं गाव म्हणजे महाल-इतवारी, ते टेकडीच्या पूर्वेला, दाट, गल्लीबोळाचं. साहेब लोकांनी टेकडीच्या दुसऱ्या अंगाला आपले बंगले टाकले, एकेका बंगल्याला आमच्याकडच्या बगीच्याएवढं आवार, त्यात कडुलिंब, आंबा, चिंच. ती झाडं तेव्हापासूनची, आपण उन्हाळ्यात तिथून गेलो तं दोन डिग्री कमीच वाटते बाप्पा. नंतर हायकोर्ट आलं, ती घुमटवाली इमारत १९४० ची. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला अन् नागपूरची राजधानी गेली, पण बंगले, ऑफिसं, कोर्टाचं खंडपीठ तिथंच राहिलं, अन् विदर्भ महाराष्ट्रात घेताना झालेल्या नागपूर करारामुळं १९६० पासून विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरते.

म्हणजे पॉइंट असा, की सिव्हिल लाइन्सची सावली सरकारची आहे. राजभवन, विधानभवन, आमदार निवास, रविभवन, रामगिरी, देवगिरी हे मंत्र्यांचे बंगले, हे सगळं काढलं तं आपल्यासाठी उरते किती? थोड्या अपार्टमेंट, तेही महाग, अन् जागा बरीचशी नझूलची. नझूल म्हणजे लीजवर दिलेली सरकारी जमीन, ती फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण मालकीची, झाली का नाही, नूतनीकरण बाकी आहे का, हे कागद पहिले मागायचे, दलाल म्हणते 'ते होऊन जाते साहेब', काही होऊन जात नाही, मला एका फ्लॅटचे कागद पाहायला दीड महिना लागला अन् शेवटी निघालं की लीजच संपलेली. अन् दूध, भाजी, चक्की असं काही पायी अंतरावर नाही, सदरला नाही तं बर्डीला जा. संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसते. काही जणांना तेच पाहिजे असते, माझ्या आईला नाही, ती म्हणे इथं कोणाला हाक मारू मी.

धरमपेठचं उलटं. इथं साहेबांचा इतिहास नाही, वकील, प्रोफेसर, बँकवाले यांनी प्लॉट घेऊन घरं बांधली, समोर जास्वंद-पारिजातक, मागं आंबा नाही तं रामफळ, वर झोपाळा. १९३६ च्या कायद्यानं सुधार प्रन्यास आलं, आपण ज्याला नासुप्र म्हणतो, त्यानं पश्चिम नागपुरात बरेच लेआउट पाडले, ते प्लॉट पण बरेचदा लीजवरच असतात हे लक्षात ठेवा. आता त्या जुन्या घरांच्या जागी खाली खांबांवर पार्किंग असलेल्या चार-पाच मजली फ्लॅट स्कीमा होऊन राहिल्या, आंबा तुटते अन् बिल्डिंगचं नाव आम्रकुंज ठेवतात. वेस्ट हायकोर्ट रोड तं आता शोरूमचाच रस्ता झाला. पण आतल्या गल्ल्यांत अजून सावली आहे, अन् गोकुळपेठचा भाजीबाजार, शंकरनगरजवळ मेट्रो, जवळच लॉ कॉलेज, पोरींचं एलएडी कॉलेज, थोडं पुढं व्हीएनआयटी हे इंजिनीअरिंगचं कॉलेज. आमच्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अमरावती रोडची एसटी. वाडीवरून आलेली गाडी रविनगरला उतरवते, तिथून ऑटो केला की दहा मिनिटांत घरी. वावरातून भरलेली तुरीच्या डाळीची थैली घेऊन बर्डीपर्यंत जायचं अन् परत उलटं यायचं, हे ज्यानं केलं त्यालाच कळते.

पण धरमपेठ म्हणून डोळे झाकून घेऊ नका. अंबाझरी तलाव १८७० च्या काळातला, नाग नदी तिथून पुढं या सगळ्या भागाच्या कडेनं जाते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, तलाव ओव्हरफ्लो झाला अन् अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी इथं घराघरात पाणी, गाड्या वाहून गेल्या. पत्ता धरमपेठचा, पण गल्ली नदीकडे उतरते का वर चढते, ते पायी चालून पहा. तळमजला घ्यायचा विचार तं नदीकडच्या बाजूनं करूच नका, म्हातारे असले तरी, लिफ्टवाली पाहून वर जा.

तुम्ही रिटायर होऊन येणार, दोघंच आहात, गाडी-ड्रायव्हर आहे, लीजच्या कागदांचा त्रास झेलायची तयारी आहे, तं सिव्हिल लाइन्ससारखं सुख नाही, हे मी मान्य करतो. पोरगी शिकायला ठेवायची, आपण आठवड्यातून दोनदा येऊन-जाऊन राहू, गावाकडचे चार जण मुक्कामाला येतीलच, असं असलं तं धरमपेठ, अन् तिथं बजेट नाही बसलं तं बजाजनगर-लक्ष्मीनगरकडं सरका. आम्ही दुसऱ्या मजल्यावर घेतलं, खिडकीसमोर शेजाऱ्याचा कडुलिंब आहे, किती दिवस राहते माहीत नाही.

अन् पाहायला कधी जायचं ते पण सांगतो. सिव्हिल लाइन्स पहायची तं अधिवेशनाच्या आठवड्यात जा, मोर्चे, बॅरिकेड, जागोजागी पोलीस, कळून जाईल. धरमपेठ पहायची तं जोरदार पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. दोन्ही दिवशी दलाल फोन उचलत नाही, एकटेच जा.