अ‍ॅम्प्लिफायरचा पॉवर सप्लाय: साधा, सीआरसी की रेग्युलेटेड?

अ‍ॅम्प घरी बांधायचा ठरला की सप्लायपाशी गाडी अडते. ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर) आणि मोठे कपॅसिटर एवढ्यावर भागवायचं, दोन कपॅसिटरांच्या मध्ये रेझिस्टर घालून सीआरसी (कपॅसिटर-रेझिस्टर-कपॅसिटर) करायचा, की थेट व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर लावायचा? माझं मत आधीच सांगतो: क्लास एबीला (शांत असताना थोडाच प्रवाह घेणारा) साधा, क्लास एला (सतत सारखाच प्रवाह घेणारा) सीआरसी, पॉवर अ‍ॅम्पच्या आधी येणाऱ्या प्रीअ‍ॅम्पला रेग्युलेटेड.

साध्या सप्लायला लोक उगीच कमी लेखतात. समजा, 50 हर्ट्झच्या लाइनवर प्रत्येक रेलला (सप्लायच्या धन आणि ऋण अशा दोन बाजू) 10,000 मायक्रोफॅरड आहेत. फुल-वेव्ह रेक्टिफायरमध्ये दर 10 मिलिसेकंदांनी कपॅसिटर भरतो, त्यामुळे 2 अँपिअर ओढले तर रिपल, म्हणजे व्होल्टेजमधला चढउतार, साधारण 2 व्होल्ट होतो. आकडा मोठा वाटतो. पण क्लास एबी अ‍ॅम्प शांत असताना 50 मिलिअँपिअरच्या आसपासच घेतो, तेव्हा रिपल उरतो 0.05 व्होल्ट. म्हणजे हम (स्पीकरमधली घुमघुम) ऐकू येण्याची भीती असते नेमक्या त्याच वेळी तो नगण्य असतो. म्हणून पैसे ट्रान्सफॉर्मरवर घाला. 50 वॉटच्या दोन चॅनलना 300 व्हीए (व्होल्ट-अँपिअर) ऐसपैस पुरतो.

व्होल्टेज मात्र जपून निवडा. 25-0-25 ट्रान्सफॉर्मरमधून (मधल्या सेंटर टॅपच्या दोन्ही बाजूंना 25 व्होल्ट) रेलला सुमारे 34 व्होल्ट मिळतात. लाइन चढली आणि भार नसला तर 40 च्या घरात जातात, तेव्हा कपॅसिटर 50 व्होल्टचेच हवेत. एलएम3886 या अ‍ॅम्प चिपची सिग्नल असतानाची मर्यादा दोन्ही रेल मिळून 84 व्होल्ट आहे. त्यामुळे तिथे 30-0-30 लावण्याचा मोह टाळलेलाच बरा.

क्लास एची गोष्ट वेगळी. तो गाणं चालू असो वा नसो, सारखाच प्रवाह खातो, म्हणून रिपलही कायम राहतो. शिवाय साध्या सिंगल-एंडेड (एकाच बाजूने आउटपुट हाकणाऱ्या) सर्किटमध्ये तो बराचसा थेट स्पीकरपर्यंत पोचतो. इथे 10,000 मायक्रोफॅरडच्या दोन कपॅसिटरांच्या मध्ये 0.47 ओहम टाका. 100 हर्ट्झचा रिपल जवळपास तिसऱ्या हिश्शावर येतो आणि 1 किलोहर्ट्झच्या आसपासची कर्कश भुणभुण तर तिसाव्या हिश्शावर. दीड अँपिअरला किंमत मोजावी लागते 0.7 व्होल्ट आणि रेझिस्टरमध्ये एक वॉट उष्णता. एबीमध्ये हाच रेझिस्टर जोरकस ठेक्यावर व्होल्टेज पाडतो, म्हणून तिथे नको.

पॉवर अ‍ॅम्पला रेग्युलेटर मला पटत नाही: 3 अँपिअरला 5 व्होल्ट सोडले की एका रेलवर 15 वॉट नुसते हीटसिंकमध्ये जातात. प्रीअ‍ॅम्पला मात्र एलएम317 (धन रेलला) आणि 337 (ऋण रेलला) या रेग्युलेटरांची जोडी बिनधास्त लावा, अ‍ॅडजस्ट पिनला 10 मायक्रोफॅरडसह.

सप्लाय कोणताही असो, वायरिंग सांभाळा. सेंटर टॅप ते कपॅसिटरचा मध्यबिंदू या तारेतून चार्जिंगचे जोरदार झटके वाहतात. स्टार ग्राउंड, म्हणजे सगळी ग्राउंड एकत्र येतात तो बिंदू, या तारेवर घेऊ नका. मध्यबिंदूपासून वेगळी तार काढून तिच्या टोकाला घ्या. कपॅसिटर रिकामे होण्यासाठी प्रत्येक रेलला 2.2 किलोओहमचा रेझिस्टर लावा आणि धातूची पेटी अर्थला जोडाच.

एवढं करूनही हम आला, तर कपॅसिटर वाढवण्याआधी कान लावा. गुळगुळीत 50 हर्ट्झचा आवाज असेल तर ग्राउंड लूप (ग्राउंडच्या तारांनी झालेलं बंद वेटोळं) शोधा, ट्रान्सफॉर्मर जागेवरच फिरवून पाहा. खरखरीत 100 हर्ट्झचा असेल, तर आधी चार्जिंगच्या तारा सिग्नलपासून दूर करा.