‘शून्य फी’वाल्या अ‍ॅपचा दीड वर्षाचा अनुभव

पगार झाला की दुसऱ्या दिवशी आईच्या खात्यात पैसे टाकायचे, हा परदेशात आल्यापासूनचा नेम. आधी बँकेतून पाठवायचे, गेलं दीड वर्ष हे अ‍ॅप वापरतेय.

‘शून्य फी’ला भुलू नका. फी नाही घेत, पण चलनाच्या दरात हात मारतात. पहिल्या खेपेला दर झकास होता, दुसऱ्या खेपेपासून हळूच उतरला. आता मी पाठवायच्या आधी बाजारातला दर बघते आणि मगच बटण दाबते. तरी सगळं धरून मला साधारण दीड टक्का पडतो. जागतिक बँकेच्या आकडेवारीत 200 डॉलर पाठवायचा सरासरी खर्च सहा टक्क्यांच्या वर आहे, आणि 2030 पर्यंत तो तीनच्या खाली आणायचं संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्येच ठरवलंय. त्या हिशोबाने माझी तक्रार नाही.

खरी आवडलेली गोष्ट म्हणजे उलटा हिशोब. आईच्या हातात किती पडायला हवेत ते टाकायचं, माझ्याकडून किती जाणार ते अ‍ॅप सांगतं. औषधं, धाकट्याची फी हे सगळे आकडे तिकडूनच येतात ना! बँकेत पाठवलेले आणि पोचलेले यांचा मेळ कधी बसलाच नाही.

आता रडगाणं. एकदा खातं नव्याने जोडताना आईचं मधलं नाव टाकायचं राहिलं. शुक्रवारी संध्याकाळी पाठवलेले पैसे नाव जुळत नाही म्हणून अडकले, ते थेट मंगळवारी मोकळे झाले. मदतीच्या चॅटवर तोच यांत्रिक मजकूर पाच वेळा. तोवर आईने शेजारच्या काकूंकडून उसने घेऊन फी भरलीसुद्धा, आणि मला सांगितलं पुढच्या आठवड्यात! खूप चिडले. तिच्यावर की अ‍ॅपवर, कोण जाणे.

क्रेडिट कार्डाने भरू नका. काही कार्डवाले ती रोख उचल धरतात, व्याज पहिल्या दिवसापासून. नाव पासबुकात आहे तस्संच टाका, पहिली खेप छोटी पाठवा, आणि शुक्रवारी तर नकोच.

पाचपैकी साडेतीन. तो अर्धा त्या चॅटने घालवला, एक दराने.