चेपलेले मिलिटरी जेरीकॅन नीट करून देणारं रत्नागिरीतलं वर्कशॉप – माझा अनुभव

ज्यांची आउटबोर्ड मशीनची होडी आहे किंवा घरी जनरेटर, पंप, ग्रासकटर असलं काही आहे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय, कारण मिलिटरीचे जुने पत्र्याचे २० लिटरवाले डबे घेऊ का असं आमच्याकडे बरेच जण विचारतात आणि घेतल्यावर ते नीट कोण करून देणार हे कोणालाच माहीत नसतं. मिरकरवाडा बंदराच्या बाजूला एक छोटं वर्कशॉप आहे, पाटीबिटी काही नाही, बाहेर ट्रॉलरच्या डिझेलच्या टाक्या आणि सायलेन्सरचे पाइप पडलेले असतात, बंदरावर कुठल्याही मशीनवाल्याला विचारलंत तरी दाखवेल. काका आणि त्यांचा पुतण्या असे दोघंच काम करतात. मी माझे सगळे डबे तिकडेच करून घेतले आणि काम इतकं समजून केलंय की लिहिल्याशिवाय राहवेना.

आधी डब्यांबद्दल. पुण्याच्या जुन्या बाजारातून मित्राने आणले, त्या विकणाऱ्याने कुठल्यातरी लिलावाच्या लॉटमधून उचललेले. बाहेरून एकेक बघवत नव्हता, एकाची बाजू आत गेलेली, एकाचं झाकण तिरकं बसत होतं, एकाच्या तळाच्या कोपऱ्याला पोचा. पण मुळात ही वस्तूच जबरदस्त आहे. डिझाइन जर्मन, १९३७ च्या सुमाराचं. ब्रिटिशांचे तेव्हाचे पातळ पत्र्याचे डबे आफ्रिकेच्या वाळवंटात इतके गळायचे की जर्मनांचे हे डबे हाती लागल्यावर त्यांनी सरळ तसेच बनवायला घेतले. दोन दाबून काढलेले अर्धे भाग मधोमध जोडलेले, जोड खाचेत बसवलेला म्हणजे आपटला तरी मार जोडावर येत नाही. बाजूवर तो फुलीसारखा खोलगट ठसा असतो ना, तो शोभेचा नाही, त्याने पत्रा ताठ राहतो आणि उन्हात आतलं तेल फुगलं की बाजूंना थोडं हलायला जागा मिळते. वर तीन मुठी, म्हणजे भरलेला डबा दोघांना मिळून उचलता येतो आणि रिकामे असतील तर एकाच हातात दोन धरता येतात. वरच्या उंचवट्यात हवा अडकून राहते म्हणून तोंडापर्यंत भरला तरी फुगायला जागा उरते आणि पेट्रोलने भरलेला डबा पाण्यात पडला तरी तरंगतो. होडीवाल्याला अजून काय पाहिजे!

प्लॅस्टिकचे कॅन आपण सगळेच वापरतो, मीपण वापरले, पण दोन उन्हाळे उन्हात राहिले की ते कडक होतात आणि एक दिवस तळाला केसाएवढी चीर जाते आणि होडीत पेट्रोल. पत्र्याच्या डब्याला ती भीती नाही, त्याची भीती वेगळी, गंज आणि गळती. आणि हे वर्कशॉप नेमकं याच दोन गोष्टींवर काम करतं, दिसण्यावर नाही.

पहिल्यांदा डबे घेऊन गेलो तेव्हा काकांनी एकेक उघडून नाक लावलं आणि दोन बाजूला काढून सांगितलं, "ह्यांच्यात अजून वास हाय. हे घरी ने, धुऊन चार दिवस उघडे ठेव, मग आण." मला वाटलं रिकामेच तर आहेत. पण रिकामा डबाच जास्त वाईट, भरलेल्या डब्यात वाफेला जागाच नसते, रिकाम्यात पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळलेली असते आणि हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ असली की एक ठिणगी पुरते. म्हणून धुऊन, वाळवून आणलेल्या डब्यालापण गॅस लावायच्या आधी ते काठोकाठ पाणी भरतात, जिथे काम करायचं तो कोपरा वर येईल असा डबा तिरका ठेवतात आणि तेवढीच बोटभर जागा रिकामी सोडतात. जो माणूस हे न करता थेट वेल्डिंगचा रॉड लावतो त्याच्याकडे डबा देऊ नका, शेजारी उभेही राहू नका. हे मी अगदी हात जोडून सांगतोय.

आता पोचे काढायची पद्धत, ही मला सगळ्यात आवडली. जेरीकॅनच्या तोंडातून हातोडी आत जात नाही, त्यामुळे आतून ठोकणं विसरा. गाडीच्या डेंटिंगवाल्याकडे दिला तर तो काय करतो, बाहेरून खड्ड्यात लांबी म्हणजे पुट्टी भरतो, पॉलिश पेपर मारतो, रंग मारतो, झालं, दिसायला नवा! पण पत्रा आत तसाच चेपलेला, वर लांबीचा थर, आणि होडीत दोन आपटे खाल्ले की लांबी सुटते आणि तिच्याखाली खारं पाणी शिरून गंज धरतो, तो दिसतपण नाही. इथे लांबी हा प्रकारच नाही. डबा पाण्याने पूर्ण भरतात, तोंडाला एक जाड रबराचं बूच आणि त्यातून नळी, नळीला हातपंप, आणि हळूहळू पाण्याचा दाब वाढवतात. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या लावून शिकंज्यात आवळलेल्या असतात, म्हणजे पोचा बाहेर येतो पण सपाट बाजू पोटासारखी फुगत नाही. पहिला मोठा पोचा सुटला तेव्हा असा ठण्णकन आवाज आला की मी दचकलोच. हवा का नाही भरत, कॉम्प्रेसर तर कोपऱ्यातच आहे, असं विचारलं तर पुतण्या म्हणाला, "जोड फुटला तर पाणी नुसतं सांडतं दादा, हवा डबा फोडते." बरोबर आहे, पाणी दाबलं जात नाही त्यामुळे फुटलं तरी दाब लगेच उतरतो, कोंडलेली हवा मात्र एकदम फुटून बाहेर येते. घरी कोणी हवेने करायला जाऊ नका.

दाबाने जे निघत नाहीत, म्हणजे धारेसारखी घडी पडलेले पोचे, तिथे छोटे लोखंडी वायसर टाके मारून चिकटवतात आणि सरकत्या वजनाच्या हातोडीने बाहेर ओढतात, मग वायसर तोडून कानस. आणि इथे काकांचं खरं कसब दिसतं, ते थांबतात. पत्रा सारखा ठोकला की ताणला जातो, मग ती जागा दाबली की टक आत आणि सोडली की टक बाहेर अशी खेळत राहते, आणि एकाच घडीवर पुढे-मागे करत राहिलं की पत्रा कडक होऊन तिथेच चिरतो. माझ्या एका डब्याच्या बाजूला तळहाताएवढा उथळ पोचा होता, तो काढा म्हटलं तर काका म्हणाले, "ह्याला हात नको लावूस. सपाटीवरचा हाय, धार नाय, गळत नाय. ह्याने तुझं पावशेर तेल कमी मावेल, बास." आणि दुसऱ्या डब्याचा तळाच्या जोडाजवळचा, मला दिसलाही नव्हता एवढा बारीक पोचा, त्यावर अर्धा दिवस घालवला, कारण तो जोडावर होता. सपाटीवरचा पोचा चालतो, जोडावरचा, तोंडाजवळचा आणि घडी पडलेला चालत नाही, एवढं लक्षात ठेवलंत तर विकत घेतानाही डबे निवडता येतील.

तोंडाचं काम तर मी तासभर उभा राहून बघितलं. तोंडाच्या आत एक बारीक नळी असते जी वरच्या हवेच्या पोकळीपर्यंत जाते, ओतताना हवा तिच्यातून आत जाते म्हणून धार सरळ पडते. ही नळी चेपली किंवा गंजाने बुजली की डबा गटगट करत धक्के देत ओततो, आणि हलत्या होडीत त्या धक्क्यांनी अर्धं पेट्रोल पायावर. माझ्या दोन डब्यांच्या नळ्या बुजलेल्या होत्या, बहुतेक लोक याला डब्याचा स्वभाव समजून सोडून देतात. त्यांनी तारेने आणि मग हवेच्या झोताने साफ केल्या, पाणी भरून ओतून दाखवलं, पहिल्यासारखी एकसंध धार. तिरक्या झाकणाची बिजागरीची पिन वाकली होती ती नवीन घडवून घातली, तोंडाची कड काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट केली.

झाकणातलं वायसर, म्हणजे रबर, यावर माझं त्यांच्याशी थोडं वाजलं. ते साधं काळं ऑइल-रबर घालतात, डिझेलला ते उत्तम. पण आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि त्यात बरीच रबरं फुगतात, मऊ पडतात. मी व्हिटॉनचे, म्हणजे अशा पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचे, वायसर स्वतः मागवून नेले आणि तेच बसवून घेतले. तुम्ही पेट्रोलसाठी करून घेणार असाल तर आधीच सांगा, नाहीतर सरसकट साधंच बसवतील. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, आपल्याकडच्या पावसाळी हवेत तर विचारूच नका, पाणी जास्त झालं की ते इथेनॉल घेऊन तळाशी वेगळं बसतं आणि डबा आतून गंजतो ती जागा नेमकी तळाचीच. त्यामुळे झाकण घट्ट पाहिजे आणि पेट्रोल महिनोन्महिने साठवायचं नाही.

आतला गंज. डब्यात साखळीचे तुकडे मोजून टाकतात, थोडं पाणी घालतात, आणि जुन्या चाकाच्या रिमला डबा बांधून मोटरवर हळू फिरवतात. नंतर लिंबूसत्वाचं गरम पाणी रात्रभर, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळून लगेच गरम हवा, आणि वाळल्याबरोबर आतून तेलाचा हात. हे लगेच फार महत्त्वाचं, जूनच्या हवेत साफ केलेला उघडा पत्रा बघता बघता तांबूस होतो. साखळी मोजून काढताना पुतण्या मोठ्याने आकडा म्हणतो आणि काका भिंतीवर खडूने लिहिलेल्या आकड्याशी जुळवतात, एकही तुकडा आत राहत नाही. पण ज्या डब्याला आतून मुळातलं अस्तर शाबूत आहे त्यात साखळी टाकत नाहीत, नुसतं धुतात, कारण साखळीने अस्तर फुटतं आणि त्याचे पापुद्रे पुढे मशीनच्या फिल्टरमध्ये. ही पारख मोबाइलच्या उजेडात आत बघून करतात आणि गिऱ्हाईकालाही दाखवतात.

शेवटी टेस्ट. झाकण लावून आत अगदी थोडी हवा, डबा पाण्याच्या टाकीत दाबून धरायचा, एक बुडबुडा आला तरी परत. मग अर्धा भरून रात्रभर झाकण खाली करून उलटा ठेवतात, खाली कागद. सकाळी कागद कोरडा तर पास. माझा एक डबा तळाला सुईच्या टोकाएवढी भोकं निघाली म्हणून नापास केला, ब्रेझिंग, म्हणजे पितळेचा टाका, करा म्हटलं तर नाही म्हणाले, जिथे दोन भोकं दिसतात तिथे बाजूचा पत्राही कागदासारखा झालेला असतो. त्या डब्याचे एक रुपया घेतले नाहीत. दुसरा कोणी असता तर टाका मारून पैसे घेतले असते आणि तो डबा आज माझ्या होडीत असता.

आता जे आवडलं नाही ते. वेळ पाळत नाहीत. १ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागली की लगेच डबे दिले, कारण ३१ जुलैपर्यंत होडी वर काढलेलीच असते, तरी नारळी पौर्णिमेच्या तोंडावर मिळाले, सीझनच्या आधी सगळ्या ट्रॉलरवाल्यांची कामं एकदम येतात आणि आपले डबे मागे पडतात. फोन उचलत नाहीत, जाऊनच विचारावं लागतं. बिल नाही. बाहेरचा रंग कामचलाऊ, रेड ऑक्साइडवर साधं इनॅमल, त्यावर पेट्रोल सांडलं की सुरकुत्या पडतात. मी पुढच्या वेळी रंग त्यांच्याकडे न देता पावडर कोटिंगवाल्याकडे देणार, पण झाकणाचं रबर काढून, कारण भट्टीत ते टिकत नाही. मुठींच्या पाइपच्या आतला गंजही ते काढत नाहीत, तिकडे मी घरी सिरिंजने तेल सोडलं. तळाला उठावाची अक्षरं आणि साल असतं ते मात्र घासून घालवत नाहीत, ज्यांना जुन्या वस्तूंची आवड आहे त्यांना बरं वाटेल.

खर्च माझा एका डब्याला पाचशेच्या आसपास आला, पोचे, आतली सफाई, टेस्ट सगळं धरून, रबर माझं. नुसती सफाई आणि टेस्ट केलीत तर बरंच कमी. नवा चांगला पत्र्याचा डबा याच्या कितीतरी पट जातो.

घरी ठेवणाऱ्यांनी एक कायद्याचं बघा. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विकायचं नसेल तर पेट्रोल एकूण ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येतं, आणि धातूचं भांडं २५ लिटरच्या वर नको, झाकण पक्कं पाहिजे. म्हणजे २० लिटरचा एक डबा बसतो, दुसरा भरलात की गेलात बाहेर. माझा एकच पेट्रोलचा, त्याला लाल पट्टा, बाकी डिझेलचे, त्यांना पिवळा. तेलाच्या डब्यात कधीही, कितीही धुतला तरी, पाणी भरून होडीवर नेऊ नका. आणि पंपावर भरताना डबा गाडीत ठेवून नाही, जमिनीवर ठेवून भरायचा, नोझल तोंडाला टेकवून, म्हणजे घर्षणाची वीज जमिनीत जाते.

जाणार असाल तर पाऊस संपल्यावर, दिवाळीनंतर जा, तेव्हा काकांना उसंत असते. डबे आधी धुऊन, वास घालवूनच न्या, नाहीतर तसेच परत घेऊन याल.